जग बुडालं आणि सासूबाई घोरत होत्या

लिहिणार नव्हते. पण सकाळपासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून कुकर लावून बसलेय. तीन शिट्ट्यांत उरकते म्हणाले होते. उरकणार नाही, दिसतंय.

शाळेच्या ग्रुपवर एकीने टाकलं, "आज रात्री '२०१२' लागणारे, पावसात बघा गं, अंगावर काटा येतो." तोच तो, रोलंड एमरिखचा, जग बुडण्याचा. २००९ मध्ये आला तेव्हा मी तो बघितला नव्हता. थिएटरच्या बाहेर पोस्टर लागलं होतं. डोंगरकड्यावर एक भिक्खू पाठमोरा उभा, आणि समोर हिमालयाच्या माथ्यावरून पाणी सांडतंय. मी ते रिक्षातून बघितलं, पोटात गोळा आला, आणि तिकिटं काढायला निघालेली मी रिक्षावाल्याला म्हणाले, दादा, परत घ्या. का, ते सांगतेच.

काल रविवार. बाहेर भुरभुर. लेकाच्या अकरावीच्या क्लासला सुट्टी. म्हटलं इतकी वर्षं झाली, आता बघू. भजी तळली. सासूबाईंची खुर्ची टीव्हीसमोर ओढली. १५८ मिनिटांचा सिनेमा, वर जाहिराती, म्हणजे रात्रीचा पाऊण वाजला. कॅलिफोर्निया समुद्रात घसरला. यलोस्टोनचा ज्वालामुखी फुटला. व्हॅटिकनमधलं चर्च प्रार्थना करणाऱ्या माणसांवर कोसळलं. अमेरिकेच्या अध्यक्षांवर अख्खी विमानवाहू नौका येऊन आदळली. आणि हिमालय बुडत असताना आमच्या सासूबाई घोरत होत्या. साधं नाही, सुरात.

काटा सोडा, भज्याचं तेल तोंडाला आलं तेवढंच.

आता २००८ सांगते. माझं लग्न त्या मे महिन्यातलं. घर म्हणजे भांडी बाजाराकडून गंगेकडे उतरणाऱ्या बोळातला वाडा. (बाहेरच्यांसाठी: आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.) सप्टेंबर होता, पितृपंधरवडा. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, आणि वरून पाऊस थांबायला तयार नाही. नवरा कामाला आडगाव नाक्याच्या पलीकडे, पूल बंद, तो तिकडेच अडकला. घरात सासूबाई, मी आणि धाकटे दीर.

सासूबाई सकाळपासून एकच विचारत होत्या, "मारुतीला कुठवर आलं?" मी माहेरची सटाण्याची, मला वाटलं देवाचं काहीतरी आहे. दुतोंड्या मारुती, म्हणजे नदीपात्रातली मारुतीची मूर्ती, ही इथली पूर मोजायची पट्टी आहे हे मला त्या दिवशी कळलं. पायाला लागलं की दुकानदार माल वर ठेवायला लागतात. कमरेला लागलं की बायका पीठ-मीठ आवरतात. दीर छत्री घेऊन जायचे आणि बातमी आणायचे. कमरेला. मग छातीला. मग गळ्याला. आणि मग बोळातच पाणी आलं, दीर परत जाऊ शकले नाहीत, तेव्हा पलीकडच्या माडीवरून कोणीतरी ओरडलं, "मारुती दिसेना!"

हे दोन शब्द. एमरिखसाहेब, हे दोन शब्द.

पाणी पुढच्या दारातून आलंच नाही. दाराला आम्ही पोती लावून बसलो होतो आणि ते आलं मोरीतून. आधी बुडबुडे, मग गढूळ पाण्याची एक जीभ, शहाबादी फरशीवरून हळूच, पाहुण्यासारखी. सासूबाईंनी देव उचलले, मग मिठाची बरणी, मग काड्यापेटी, मग कणकेचा डबा. मी टीव्हीला हात घातला तर म्हणाल्या, "तो राहू दे गं, मीठ वर घे." आमच्या जिन्याला तेरा पायऱ्या. दिवे गेलेले. आम्ही माडीवर, हातात बॅटरी, आणि पाणी पायरी पायरी वर.

त्या रात्री सगळ्यात भीती कशाची वाटली सांगू? पाण्याला आवाज नव्हता. खाली मोरीतली तांब्याची घागर तरंगायला लागली होती, आणि ती अंधारात खांबाला आपटायची. टण्ण. थोडा वेळ काही नाही. टण्ण. अख्खी रात्र.

आणि हा सिनेमा! पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत नुसती नारोशंकराची घंटा. जे पडतं ते धडाडधुम. अरे, श्वास घ्यायला जागा तर द्या, भीती बसणार कुठे? हिरो पळतोय, मागे रस्ता फाटतोय, तो वाचतो. विमानात बसतो, मागे धावपट्टी फाटते, तो वाचतो. पुन्हा विमान, पुन्हा फाटतं, पुन्हा वाचतो. तिसऱ्यांदा लेक म्हणाला, "आई, आता मी रील बघू का, फाटलं की सांग."

गाडीचा तो सीन बघायला मजा येते, मान्य. लांबलचक लिमोझिन कोसळत्या इमारतीतून आरपार जाते वगैरे. ठीक आहे. जत्रेतल्या मौत का कुआँतही मजा येते.

कारण काय दाखवलंय, तर सूर्यावरून आलेल्या न्यूट्रिनो नावाच्या अतिसूक्ष्म कणांनी पृथ्वीचं पोट तापलं. लेक हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होता. म्हणाला, आई, न्यूट्रिनो कशाला अडत नाहीत, आत्ता या सेकंदाला कितीतरी अब्ज तुझ्यातून जातायत. मी म्हटलं, मग मला एवढं तापायला का होतं? असो. खोट्या विज्ञानाचा मला राग नाही. आपण पुष्पक विमान ऐकत मोठे झालो. राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे.

हा सगळा शोध लावतो कोण? आपला माणूस. भारतातल्या तांब्याच्या खाणीत खोल बसलेला शास्त्रज्ञ. जगाला पहिल्यांदा तो सांगतो. त्याला कबूल केलेलं असतं की तुला न्यायला विमान येईल. विमान येत नाही. तो बायको-पोराला घेऊन उभा राहतो, समोरून लाट येतेय, आणि त्याच्या वाट्याला काय, तर एक फोन. "विमान आलंच नाही" एवढं सांगायचं, आणि कट. तिकडे निवडक लोकांना वाचवायला बांधलेल्या जहाजांकडे जिराफ आणि हत्ती हेलिकॉप्टरला लटकवून नेतात. एक कुत्रं दोरावरून चालत जहाजात पोचतं, त्याची मालकीण बुडते, ते वाचतं. एका सीटला एक अब्ज युरो! आणि ज्याने सांगितलं म्हणून जहाजं बांधली, त्याला जिराफाएवढीही जागा नाही.

इथे मी उठून स्वयंपाकघरात गेले. रागाने भांडी घासली रात्री बाराला.

कोणी म्हणेल, अगं तेच तर दाखवायचंय, मोठे लोक असेच वागतात. असेल. पण दाखवणाऱ्याला त्याचं वाईट वाटलेलं दिसत नाही ना!

आणि दुसरं. हिरोच्या घटस्फोटित बायकोचा नवा जोडीदार, गॉर्डन. डॉक्टर. विमान चालवायचे थोडेसे धडे घेतलेले, तेवढ्यावर या सगळ्यांना आकाशात नेतो. हे पोरांचे आई-बाप जिवंत आहेत ते त्याच्यामुळे. तो शेवटी जहाजाच्या दाराच्या चाकांत चिरडून मरतो. आणि थोड्याच वेळात हिरो-हिरॉइन पुन्हा एक! सुतक नाही, काही नाही. एक हुंदका तर द्या त्या माणसाला.

आम्ही रामकुंडाच्या गावात राहतो हो. इथे रोज कुठून कुठून माणसं दहाव्याला येतात. केस उतरवतात, पिंड ठेवतात, आणि मग सगळे घाटावर उभे राहून कावळ्याची वाट बघतात. त्याला कबुली देतात, तुमच्या धाकट्याचं शिक्षण करू, आईला बघू, जमिनीचं भांडण मिटवू. तेव्हा कुठे तो शिवतो. एका माणसासाठी एवढं. आणि इथे जवळजवळ सात अब्ज माणसं गेली, अन् शेवटी काय, तर छान ऊन पडलंय, निळा समुद्र, आणि छोटी मुलगी आता रात्री अंथरूण ओलं करत नाही. यावर सिनेमा संपतो! खोटं नाही सांगत. माझ्या पुण्याच्या मावशीकडे अजून "पानशेतच्या आधी" आणि "पानशेतच्या नंतर" असं बोलतात. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, मावशी तेव्हा परकर-पोलक्यात, आणि आजही एखादं पातेलं सापडलं नाही की म्हणते, पुरात गेलं असेल.

मरणाची किंमतच नसेल तर भीती कशाची वाटणार? मला घागरीची भीती वाटत होती, कारण ती सासूबाईंच्या आईने दिलेली होती. तरंगतेय तोवर आहे, वाहून गेली तर गेली. तो आवाज मी मोजत होते. आणि साधारण अडीचला तो थांबला.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. पाणी वाढलं म्हणून थांबला की ओसरलं म्हणून? बॅटरी माझ्याच हातात होती. चार पायऱ्या उतरून बघायचं, एवढंच. माझी हिंमत झाली नाही. दिरांची पण झाली नाही, ते आता कबूल करणार नाहीत. तोवर सासूबाईंशी माझं फारसं जमत नव्हतं, स्वयंपाकावरून कुरबुरी असायच्या. त्या रात्री त्यांनी माझा हात धरला तो उजाडेपर्यंत सोडला नाही. दोघी जिन्याच्या तोंडाशी बसून काळोखाकडे बघत होतो. हा सीन कोणीतरी काढा. एक जिना, दोन बायका. वीस कोटी डॉलर लागणार नाहीत.

हां, आपल्याकडच्यांनी तरी कुठे काढलाय, हे पण खरंच. आपल्याकडे पूर आला की हिरॉइन भिजते.

आणि हो, २१ डिसेंबर २०१२! आठवतंय ना, जग बुडणार म्हणून टीव्हीवाले घड्याळ लावून बसले होते. आदल्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार होता. सासूबाईंनी घट मांडता मांडता फुलवाल्याला पुढच्या गुरुवारची फुलं सांगून ठेवली. मी म्हटलं, आई, उद्या जग बुडणारे म्हणे. तर म्हणाल्या, "मारुतीला कुठवर आलंय?"

आता मोबाइलवर मेसेज येतो, धरणातून इतके क्युसेक विसर्ग. मी त्यांना वाचून दाखवते. त्या ऐकून घेतात आणि मग दिरांना फोन लावतात, मारुती विचारायला.

तर काल. सिनेमा संपत आला, निळा समुद्र आणि ऊन दिसायला लागलं, तेव्हा त्यांना जाग आली. चष्मा नीट केला. म्हणाल्या, "ओसरलं का?" म्हटलं, हो आई, ओसरलं. म्हणाल्या, "मग गाळ कुठंय?"

लेक आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो.

ज्याने पूर बघितलाय तो पाण्याबद्दल कमी बोलतो, गाळाबद्दल जास्त. आमच्याकडे गुडघाभर होता. काळा, चिकट, आणि त्याचा तो वास, मेलेल्या उंदराचा, रॉकेलचा, सडलेल्या धान्याचा, सगळा एकत्र. पंधरा दिवस फावड्याने ओढत होतो. कपाटाच्या फळ्या फुगून दारं उघडेनात. लग्नातला माझा शालू मी स्वतः बोळाच्या तोंडाशी कचऱ्याच्या ढिगावर टाकला, ट्रॉली यायची वाट बघत. शेजारच्या काकांचं भांड्यांचं दुकान, त्यांनी दुकानातली पातेली बोळात मांडून पाणी मारून धुतली, आणि धुता धुता रडत होते, पण आपल्याला दिसू नये म्हणून पाण्याचा पाइप तोंडावर धरायचे. हे त्या १५८ मिनिटांत कुठे आहे? बोलाच ना.

घागर? पहाटे दिसली. चौथ्या पायरीवर बसली होती, कडेला पोचा, गळ्यापर्यंत गाळ. ओसरताना पायरीवर टेकली म्हणून आवाज थांबला होता. म्हणजे अडीच वाजल्यापासून पाणी उतरत होतं, आणि आम्ही उजाडेपर्यंत मरायच्या तयारीत बसलो होतो. सासूबाई ती चिंच लावून घासायला बसल्या तेव्हा मी म्हटलं, आई, आधी घर तर आवरू. म्हणाल्या, कुठून तरी सुरुवात करायला हवी ना.

वाडा राहिला नाही. आता तिथे चार मजली इमारत आहे, खाली पार्किंग. आम्ही इकडे इंदिरानगरला. लेकाला काल विचारावंसं वाटलं म्हणे, त्या जिन्याचा एखादा फोटो आहे का. नाही. माझा मोबाइल चार्जिंगला खालीच राहिला होता, लग्नाचा अल्बम खालच्या कपाटात होता. एकही फोटो नाही.

म्हणून विचारतेय. भांडी बाजार, सराफ बाजार, दहीपूल, त्या बाजूला राहणाऱ्यांपैकी कोणाकडे २००८ चे फोटो असतील, पुराचे, गाळाचे, कसलेही, तर खाली टाका. आमच्या बोळाच्या तोंडाशी निळ्या दाराचं दुकान होतं, त्यावरून ओळखू येईल.

आणि जिने "काटा येतो" म्हणून लिहिलं होतं, बाई गं, तू कॉलेज रोडला तिसऱ्या मजल्यावर राहतेस. ये एकदा घरी. घागर दाखवते.

कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या. वरणाचं काय झालं असेल ते बघते.