‘बायकाच पुढे येत नाहीत’ म्हणणाऱ्यांसाठी : जर्नलांचे संपादक कसे नेमले जातात

मुंबईतल्या प्राध्यापक-संशोधकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा : वैज्ञानिक जर्नलांत संपादक निव्वळ गुणवत्तेवर नेमतात, विज्ञानात बायकाच कमी, म्हणून संपादकही कमी, मुद्दाम बायका घेतल्या तर दर्जा घसरेल, ‘नेचर’ला बाई संपादक मिळाली, उरलेलं आपोआप होईल.

विज्ञानात बायका कमी आहेत, हे खरं. पण २०२३ साली ‘नेचर ह्यूमन बिहेव्हियर’मध्ये आलेल्या अभ्यासात हजाराहून जास्त जर्नलांचे, पाच दशकांतले ८१ हजार संपादक पाहिले गेले. लेखकांत स्त्रिया २६ टक्के, संपादकांत १४, मुख्य संपादकांत ८. संपादक ज्येष्ठ असतात आणि ज्येष्ठांत बायका आणखी कमी, ही शंका रास्त आहे. त्या अभ्यासाने तीही तपासली. कारकिर्दीची लांबी धरली की संपादकांमधल्या तफावतीचं कारण कळतं, मुख्य संपादकांमधल्या तफावतीचं कळत नाही.

गुणवत्तेचा मुद्दा सगळ्यात कच्चा आहे, कारण या पदांची जाहिरात बहुतेकदा निघतच नाही. सुरुवात समीक्षकापासून, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञापासून होते. पेपर आला की तो हाताळणारा संपादक नावं शोधतो : लेखकाने सुचवलेली, संदर्भसूचीतली, पेपर सादर करायच्या ऑनलाइन प्रणालीत सापडलेली, आणि घाईत असेल तर स्वतःला आठवतील ती. जो मुदतीत नेटका अहवाल देतो, त्याला पुन्हा बोलावणं येतं. मग संपादक मंडळ, मग सहयोगी संपादकपद, आणि शेवटी मावळत्या मुख्य संपादकाची शिफारस. पहिल्या पायरीवर नाव सुचलंच नाही तर गुणवत्ता जोखणार कोण? अमेरिकन जिओफिजिकल युनियन या भूभौतिकशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या जर्नलांत २०१२ ते २०१५ या काळात पहिल्या लेखकांत (पेपरवर ज्यांचं नाव पहिलं असतं त्यांच्यात) स्त्रिया २७ टक्के होत्या, समीक्षकांत फक्त २०. लेखक आणि संपादक दोघंही त्यांची नावं कमी सुचवत होते.

आपल्याकडे यात आडनावाची भर पडते. लग्नानंतर आडनाव बदललं की प्रणालीत एका बाईच्या दोन व्यक्ती होतात आणि पेपर दोघींत वाटले जातात. संस्था बदलली की जुना ईमेल बंद. निमंत्रण तिथेच पडून राहतं आणि नोंद होते ‘प्रतिसाद नाही’. यावर उपाय आहे : सोळा अंकी ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळखक्रमांक, काढा, त्यात दोन्ही नावं घाला, सगळे पेपर त्याला जोडा आणि संस्थेच्या ईमेलबरोबर एक कायमचा ईमेल द्या. अर्धा तास लागतो.

दर्जाचं म्हणाल, तर त्याच जिओफिजिकल जर्नलांत स्त्री पहिली लेखक असलेले ६१ टक्के पेपर स्वीकारले गेले, पुरुषांचे ५७ टक्के. मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झालेल्या कमला भागवतांना, म्हणजे पुढच्या कमला सोहोनींना, बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सने १९३३ साली बाई म्हणून आधी नाकारलं, मग अटींवर घेतलं. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली.

आता ‘आपोआप’. ‘नेचर’ १८६९ चं, पहिली स्त्री मुख्य संपादक २०१८ मध्ये. ‘सायन्स’ १८८० चं, तिथे २०१३. ‘बीएमजे’ हे ब्रिटिश वैद्यकीय जर्नल १८४० चं, तिथे २००५. तीसजणांच्या मंडळाचा हिशोब करून पाहा. त्यात चार बायका आहेत आणि पदाला मुदत नाही, म्हणून वर्षाला दोनच जागा रिकाम्या होतात. त्यातली एक नेमाने बाईला दिली आणि आधीची एकही बाई सोडून गेली नाही, तरी पंधरावर पोचायला अकरा वर्षं लागतात. पाच वर्षांची पक्की मुदत ठेवली आणि दर वर्षी सहा जागांपैकी तीन बायकांना दिल्या, तर पाच वर्षांत निम्मं मंडळ बायकांचं होतं. नेमणारे तेच, फरक फक्त नियमाचा.

परळच्या वैद्यकीय जर्नलाला असो की माटुंग्याच्या रसायनशास्त्राच्या, हे उद्या करता येईल : समीक्षक सुचवताना लेखकाला किमान दोन स्त्रियांची नावं मागा, पदाची जाहिरात द्या, आणि वर्षातून एकदा लेखक, समीक्षक व मंडळ यांतलं स्त्रियांचं प्रमाण शेजारी-शेजारी छापा. मोजणी नावांवरून करू नका. किरण आणि शशी दोन्हीकडे असतात आणि आद्याक्षरांवरून काहीच कळत नाही. नोंदणीच्या अर्जातच विचारा, उत्तर ऐच्छिक ठेवा.