बाई, गोल फिरतंय!

तालुक्याच्या प्रशिक्षणातून ‘तंत्रस्नेही शिक्षक’ असं प्रमाणपत्र घेऊन मी परत आले, तेव्हा यंत्रांशी माझा स्नेह जेमतेम मोबाइलपुरता होता. प्रशिक्षण देणारे सर मोठे तळमळीचे. ‘आजचं मूल खडू-फळ्यात रमत नाही. त्याला हलतं चित्र द्या, आवाज द्या, मग बघा कसं रमतं ते,’ असं म्हणून त्यांनी बटण दाबलं आणि पडदा निळाशार झाला. ‘नो सिग्नल.’ पुढचा पाऊण तास सभागृहभर शिक्षक एका वायरीकडे टक लावून बसले होते. कुणी म्हणालं, पिन उलटी करून लावा. कुणी म्हणालं, बंद करून परत चालू करा. निवृत्तीला टेकलेले एक गुरुजी मागून म्हणाले, ‘फुंकर मारा.’ फुंकर मारली आणि चित्र आलं. आजवरच्या सगळ्या प्रशिक्षणांतली रोजच्या उपयोगाची विद्या एवढीच.

आमचं गाव पाटण तालुक्यातलं, डोंगरावरचं. शाळा पहिली ते चौथी, शिक्षक दोन, तेही मुख्याध्यापकांना धरून. मुख्याध्यापक सर दिवसभर कुठल्या ना कुठल्या लिंकवर ‘आजच आणि तात्काळ’ माहिती भरत असतात, त्यामुळे चारही वर्ग माझ्या पदरात. गावातले निम्मे बाप्ये नवी मुंबईच्या मार्केटात माथाडी. यात्रेला आले की हटकून शाळेत डोकावतात. त्यांनीच वर्गणी काढून शाळेला ४३ इंची स्मार्ट टीव्ही दिला. टीव्हीला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. देणगीदारांच्या नावांची पाटी टीव्हीपेक्षा बोटभर मोठीच आहे, पण त्यांचा तो हक्कच आहे.

चोरीला जाऊ नये म्हणून टीव्ही लोखंडी कपाटात बसवला आणि कपाटाची किल्ली शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे दिली. अध्यक्ष सकाळीच रानात जातात. म्हणजे आमचा डिजिटल तास सुरू होतो तो दोन पोरं रानात पिटाळण्यापासून. या कामाला वर्गातली झाडून सगळी पोरं तयार असतात. एरवी बोट वर न करणारासुद्धा दोन्ही हात वर करतो. किल्ली येते, पण तिच्याबरोबर खिसाभर करवंदं येतात आणि मग आधी त्यांची वाटणी. तंत्रज्ञानानं मुलं शिकण्यात गुंततात म्हणतात ते खोटं नाही. ती टीव्ही लागण्याच्या कितीतरी आधी गुंतलेली असतात.

विजेबद्दल आम्ही कुरकुरणं बरं दिसत नाही. कोयनेचं धरण आमच्याच तालुक्यात. तो प्रकल्प १,९६० मेगावॉटचा. वर पठारावर वनकुसवड्याच्या पवनचक्क्या, त्या तर वर्गाच्या खिडकीतून दिसतात. लाईट गेली की पोरं आधी पंख्याकडे बघतात, मग खिडकीतून पठाराकडे.

‘बाई, तकडं तर गरागरा फिरत्यात. मग आपली लाईट कुठं गेली?’

मी सांगते की वीज आपल्याकडे थेट येत नाही. तारांचं मोठं जाळं असतं, सगळी वीज आधी त्यात जाते, तिथून वाटत वाटत आपल्याकडे येते.

‘मग आपल्यापतूर येईस्तवर संपती व्हय?’

परिसर अभ्यासाच्या पुस्तकात याचं उत्तर नाही. वायरमनदादांना विचारलं तर तेही तारांकडे बघून नुसते हसले.

लाईट असली की रेंज नसते. रेंज आमच्या शाळेत एकाच जागी मिळते: उत्तरेकडच्या खिडकीत, तिसऱ्या गजापाशी. तिथं माझा फोन सुतळीनं बांधायचा, हॉटस्पॉट चालू करायचा आणि टीव्हीला जोडायचा. सुतळी जराशी फिरली की दांड्या गायब. म्हणून शालेय मंत्रिमंडळात स्वच्छतामंत्री, आरोग्यमंत्री यांच्या जोडीला आम्ही रेंजमंत्री नेमला. त्या खात्यासाठी जी चुरस झाली ती मुख्यमंत्रिपदाला झाली नाही. निवडून आलेला चौथीतला गडी खिडकीत उभा राहून दर मिनिटाला निवेदन देतो, ‘बाई, दोन दांड्या! बाई, एक! बाई, गोल फिरतंय!’ हे गोल फिरणं आमच्या शाळेत इतकं रुळलंय की पहिलीतल्या एका पोरीला ‘टीव्हीचं चित्र काढ’ म्हटलं तर तिनं चौकोन काढला, आत गोल काढला आणि पाटी माझ्यापुढं धरली. मी ‘छान’ दिलं. चित्र हुबेहूब होतं.

माझ्या लहानपणी दूरदर्शनवर ‘बालचित्रवाणी’ लागायची. पुण्यातून १९८४ साली सुरू झालेली ही संस्था २०१७ ला बंद पडली. कार्यक्रम साधेच असायचे, पण मधे कुणी कर्ज घ्या म्हणत नव्हतं. आता जंगलातल्या प्राण्यांचा व्हिडिओ लावावा, तर आधी एक बाई ‘पाच मिनिटांत कर्ज’ देते, मग एक बाबा पत्ते खेळून लखपती होतो आणि त्यानंतर कुणीतरी दम न घेता अटी सांगतो. पहिलीच्या मुलांना मी अजून ‘अ ते अः’ ओळीनं म्हणायला शिकवतेय. ‘अटी व शर्ती लागू’ मात्र सगळ्यांचं पाठ आहे, तेही त्याच वेगात.

तर त्या दिवशी किल्ली आली, लाईट होती, तीन दांड्या होत्या, दोन्ही जाहिराती संपल्या आणि जंगल दिसायला लागलं. हरीण पाण्यावर आलं. गवतात पिवळं काहीतरी हललं. वर्गात टाचणी पडली तर ऐकू यावी. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी हातात पळी घेऊन दारात थबकल्या. वाघानं झेप घेतली आणि लाईट गेली.

असा कालवा मी क्रिकेटच्या मॅचलासुद्धा ऐकलेला नाही. ‘धरलं!’ ‘न्हाय धरलं!’ असे दोन पक्ष जागच्या जागी पडले. लाईट आल्यावर तो व्हिडिओ काही पुन्हा सापडेना. नुसतं ‘वाघ’ शोधलं तर आपल्याकडे निम्मे पुढारी निघतात. पोरं घरी गेली आणि घराघरात तीच चर्चा. दुसऱ्या दिवशी मावशींनी तांदूळ मोजून घेताना हळूच विचारलं, ‘बाई, त्या हरणाचं काय झालं वो?’

दुसरीतला एक मुलगा जोडाक्षर दिसलं की थबकायचा. वाचनाचे तक्ते झाले, चित्रकार्डं झाली, बोलणारी पुस्तकं झाली. एकदा मोबाइलचा पडदा टीव्हीवर घेऊन मी बेरजेचा खेळ दाखवत होते. तेवढ्यात वर पट्टी आली. आमच्या ह्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये ‘अहो’ नावानं आहे. पोरगा मोठ्यानं वाचायला लागला, ‘अहो. दुधाचे पैसे कुठं ठेवलेत.’ मी रिमोट शोधत होते. दुसरी पट्टी आली. ‘अहो. तांदळाच्या… ड…डब्यात नाहीत.’ वर्ग टाळ्या वाजवायला लागला, कारण ‘ब्या’ सुटला होता. रिमोट कपाटाच्या मागं पडला होता. तिसरी पट्टी त्यानं एका दमात वाचली: ‘सापडले. साखरेच्या डब्याखाली ३०० आहेत. शेजारी ५०० कशाचे?’

त्याच्या वाचनाच्या नोंदीत मी ‘जोडाक्षरयुक्त वाक्ये प्रवाहीपणे वाचतो’ असं लिहिलं. पुढचे कितीतरी दिवस पाणवठ्यावरच्या बायका मला विचारत होत्या, ‘बाई, पाचशे कशाचे ते सांगितलं का मग?’

राहता राहिलं पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचं. हा कोड मूळचा जपानचा. डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा यांनी १९९४ साली तो मोटारींच्या सुट्या भागांवर नजर ठेवायला काढला. काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा गो नावाचा खेळ खेळताना त्यांना तो सुचला. रचना इतकी पक्की की कोडाचा ३० टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी तो वाचता येतो, अशी सोय त्यात ठेवता येते. हारासाहेबांनी सगळा विचार केला, फक्त हातात रंगखडू असलेलं दुसरीतलं पोर त्यांच्या डोळ्यांपुढं नसावं. पांढरे चौकोन दिसले की रंगवायचे, हा पोरांचा नियम. एकीनं गुलाबी भरलं होतं, एकानं कोपऱ्यातल्या तीन मोठ्या चौकोनांना डोळे-नाक काढले होते. मी मोबाइल धरला, तो मोबाइल कोडाकडे बघत राहिला, कोड मोबाइलकडे बघत राहिला.

क्यूआर कोड म्हटलं की गावाला डिसले गुरुजी आठवतात. रणजितसिंह डिसले, सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले. पाठ्यपुस्तकात कोड आणले, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळवला आणि दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना देऊन टाकली. मला त्यांचा अभिमानच आहे. पण त्या बातमीपासून आमचे सरपंच भेटले की विचारतात, ‘बाई, त्यांना सात कोटी मिळाले. तुमचं कुठवर आलंय?’

‘आधी रेंज येऊ द्या, सरपंच.’

‘येईल की. पण निम्मे वाटायचे झाले तर बाहेर नको हां. आपला सभामंडप अर्धा राहिलाय.’

परवा केंद्रप्रमुख साहेब आले ते घाईतच. डिजिटल वर्गाचा फोटो, मुलं अध्ययनात मग्न, जागेच्या नोंदीसह पाचच्या आत वर पाठवायचा होता. किल्ली आली, कपाट उघडलं, लाईट नव्हती. साहेब अनुभवी. म्हणाले, ‘असू द्या मॅडम. उजेडामुळं फोटोत पडदा तसाही काळाच येतो. मुलांनी फक्त काहीतरी दिसतंय असं बघायचं.’

पोरं मांडी घालून ओळीनं बसली आणि काळ्या पडद्याकडे ठोकळ्यागत बघत राहिली. साहेबांनी मोबाइल वर केला, मान हलवली, खाली घेतला. ‘आनंद पाहिजे, बाळांनो. कुतूहल पाहिजे.’

तेव्हा खिडकीतून रेंजमंत्री ओरडला, ‘ए, हरीण आलं बघा पाण्यावर!’

सगळ्या माना पुढं झाल्या. ‘ते बघ, पिल्लू पण हाय!’ ‘गवात हललं गवात!’ ‘आरं पळ की!’ मुलींनी तोंडावर हात घेतले. धरलंवाले आणि न्हाय-धरलंवाले गुडघ्यांवर उभे राहिले. मावशी पळीसकट दारात आल्या. साहेबांचे चार-पाच फोटो झाले, मग मोबाइल खाली आला आणि ते स्वतःच वाकून पडद्याकडे बघायला लागले.

‘काय रे,’ शेवटी त्यांना राहवेना, ‘सुटलं का हरीण?’

‘थांबा सायेब,’ रेंजमंत्री म्हणाला, ‘जाहिरात लागलीय.’