अडत दुकानाच्या डेटाबेसला दोन झोन कशाला? सांगलीच्या वाचकाला उत्तर

नमस्कार दादा,

तुमचं म्हणणं असं की मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानाला एक छोटा डेटाबेस पुरतो, आणि दोन झोन (क्लाउड कंपनीची एकमेकांपासून वेगळी ठेवलेली डेटा सेंटरं), /२४ ची सबनेट (नेटवर्कमधले पत्त्यांचे गट; तिरक्या रेघेपुढचा आकडा जितका मोठा, तितका गट लहान) सांगून मी लहान व्यापाऱ्याला खर्चात पाडतोय. खर्चाची काळजी रास्त आहे. पण एडब्ल्यूएसवर, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडवर, सबनेटला पैसे पडतच नाहीत. पडतात ते दुसऱ्या झोनमध्ये राखीव डेटाबेस चालू ठेवायचे, आणि तो आजच घ्या असा माझा आग्रह नाही. जागा मात्र आजच आखा. आरडीएसवर (एडब्ल्यूएसची तयार डेटाबेस सेवा) एकच डेटाबेस चालवायचा असला तरी सबनेट ग्रुपमध्ये, म्हणजे डेटाबेसला नेमून दिलेल्या सबनेटच्या यादीत, किमान दोन झोनमधली सबनेट द्यावीच लागतात.

आता तुम्ही म्हणता ते /२८ चं छोटं सबनेट. त्यात १६ पत्ते, त्यातले ५ एडब्ल्यूएस स्वतःकडे ठेवतं, उरले ११. त्याच सबनेटमध्ये ॲपचे सर्व्हर बसवले (हे सर्रास होतं), पुढे रेप्लिका (डेटाबेसची प्रत) आली, प्रॉक्सी (ॲप आणि डेटाबेसमधला मध्यस्थ) आली, की संपले. डेटाबेसचं मशीन बदलताना, देखभालीत, फेलओव्हरच्या वेळी (काम राखीव डेटाबेसवर जाताना) मोकळा पत्ता लागतो. सौदे ऐन भरात असताना मशीन मोठं करायला जाल आणि पत्ताच शिल्लक नसेल, तर काय कराल? सबनेटचा आकार मागाहून वाढवता येत नाही. /२४ मध्ये २५१ पत्ते मिळतात, आणि १०.२०.०.०/१६ मध्ये अशी २५६ सबनेट बसतात. इथे काटकसर करून काहीच वाचत नाही.

मला खरी धास्ती वाटली ती तुमच्या एका ओळीची: दुकानातल्या राउटरवर पत्त्यांची रेंज १९२.१६८.१.०/२४ आहे, क्लाउडवरही तीच ठेवलीय. उद्या दुकान आणि क्लाउड यांना व्हीपीएनने (खासगी जोडणीने) जोडलंत की दुकानातला कॉम्प्युटर डेटाबेसचा पत्ता आपल्याच लॅनमध्ये, म्हणजे दुकानातल्या नेटवर्कमध्ये, शोधत बसेल. व्हीपीसीची (क्लाउडवरच्या तुमच्या खासगी नेटवर्कची) मूळ रेंज बदलता येत नाही. नवी व्हीपीसी बनवून सगळं तिकडे हलवावं लागतं. हे हंगामाआधी करून घ्या, अगदी कळकळीने सांगतो.

अझ्युरवर (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर) एकच सबनेट कसं चालतं, हे विचारलंत. तिथलं सबनेट रिजनच्या (अनेक झोन मिळून होणाऱ्या विभागाच्या) सगळ्या झोनमध्ये पसरलेलं असतं, एडब्ल्यूएसचं एकाच झोनपुरतं. पण अझ्युरच्या फ्लेक्झिबल सर्व्हरला (तिथल्या तयार डेटाबेस सेवेला) खासगी नेटवर्कमध्ये ठेवायचं तर एक सबनेट त्याच्याच नावावर सोडावं लागतं, दुसरं काही त्यात ठेवता येत नाही.

"दोन मिनिटं बंद पडलं तर काय बिघडतं?" दोन मिनिटांनी काहीच नाही. राखीव डेटाबेस असला तर फेलओव्हर साधारण ६० ते १२० सेकंदांत होतो, फक्त ॲपमध्ये आयपी न लिहिता एंडपॉइंटचं नाव (डेटाबेसचं कायम राहणारं नाव) लिहिलेलं हवं. राखीव नसला आणि तो झोनच बंद पडला, तर बॅकअपवरून नवा डेटाबेस उभा करावा लागतो. तोवर पट्टीसाठी (विक्रीच्या हिशेबाच्या कागदासाठी) शेतकरी दुकानात खोळंबतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा सगळं एकाच जागी ठेवणं किती महागात पडतं हे सांगलीकरांना वेगळं सांगायला नको.

मुंबई रिजनमध्ये तीन झोन आहेत. तिसऱ्यातही सबनेट आत्ताच करून ठेवा; वाचता येणारे दोन राखीव डेटाबेस असलेला मल्टी-एझेड क्लस्टर (अनेक झोनमध्ये पसरलेला डेटाबेसचा संच) पुढे घ्यायचा झाला, तर तिन्ही लागतात.