डबा तिकडून, डबा इकडून

२०२५ च्या ऑगस्टपासून आमच्या फॅमिली ग्रुपवर एकच वाद चालू होता, स्वदेशी की इंपोर्टेड. इकडे ट्रम्पने भारताच्या मालावर टॅरिफ ५० टक्क्यांवर नेला, तिकडे पंतप्रधानांनी स्वदेशी घ्या म्हणून सांगितलं, आणि दादा रोज सकाळी सहाला फॉरवर्ड टाकायला लागला की अमेरिकन कोल्ड्रिंक बंद, अमेरिकन टूथपेस्ट बंद. त्याच आठवड्यात त्याच्याच मुलाचा मला वेगळा मेसेज, "काका डिसेंबरला येतोयस ना, व्हे प्रोटीन पावडरचे दोन डबे आणशील का, पाच पाउंडवाले, चॉकलेट. पप्पांना सांगू नको."

मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो, म्हणजे इथे चितळेंची बाकरवडी दुकानात मिळते, उपाशी कोणी मरत नाही. पण वहिनीच्या हातची चकली दुकानात मिळत नाही, ती दरवर्षी दिवाळीला पुण्याहून पोस्टाने यायची. त्या वर्षी आली नाही. २९ ऑगस्टला अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली ड्युटीची माफी सगळ्याच देशांसाठी काढून टाकली (चीनसाठी मे महिन्यातच काढलेली). १०० डॉलरपर्यंतचं गिफ्ट तेव्हाही माफच होतं, त्यामुळे चकलीवर ड्युटी लागणार नव्हती, पण बाकीच्या पार्सलवरची ड्युटी कोणी गोळा करायची, कशी भरायची याचाच पत्ता नाही म्हणून विमान कंपन्या टपाल घेईनात, आणि इंडिया पोस्टने २५ ऑगस्टपासून अमेरिकेचं बहुतेक बुकिंग थांबवलं आणि महिनाअखेरीस गिफ्टसकट सगळंच. पुन्हा सुरू झालं १५ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन २१ ला. आता सहा दिवसांत फराळ काय उडत येणार!

मधल्या काळात वहिनी कुरिअरवाल्याकडे जाऊन आली. खोका ४० बाय ३० बाय ३०, आत सव्वातीन किलो माल. त्याने टेप लावून मोजलं, कॅल्क्युलेटरवर गुणाकार केला, पाच हजाराने भागलं आणि म्हणाला ताई ७.२ किलोचे पैसे होतील. वहिनी वजनकाट्याकडे बोट दाखवतेय आणि तो टेपकडे. विमानात जागा विकतात, त्यामुळे खऱ्या वजनापेक्षा आकारमानाचं वजन जास्त आलं तर तेच धरतात, हे मी तिला फोनवर तीनदा समजावलं. तिचं म्हणणं एकच, "म्हणजे मी चकलीच्या भोकाचेपण पैसे द्यायचे का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे उत्तर होतं, हो.

उलटं बघा. मी ज्या जिमला जातो तिथली एक मोठी प्लेट ४५ पाउंडाची, म्हणजे २०.४ किलो, म्हणजे २३ किलोच्या चेक-इन बॅगेपेक्षा अडीच किलोच कमी. आमच्याकडच्या बऱ्याच प्लेटांवर मेड इन चायना कोरलेलं आहे. असलं ओबडधोबड लोखंड अर्धी पृथ्वी ओलांडून येतं आणि तरी परवडतं, कारण ते बोटीने येतं. आजच्या कंटेनर वाहतुकीची सुरुवात जिच्यापासून धरतात ती बोट निघाली तीसुद्धा आमच्या शेजारूनच, न्यूअर्कवरून, १९५६ च्या एप्रिलमध्ये, ५८ खोकी घेऊन ह्यूस्टनला. सत्तर वर्षांत व्यवहार असा झालाय की डंबेल बिनबोभाट येतं आणि चकली अडकते. अर्थात चकली बोटीने पाठवली तर ती संक्रांतीला पोचेल आणि तोपर्यंत तिची चकली राहणार नाही, ते वेगळं.

तर त्या व्हेच्या डब्यांकडे येतो. पुतण्याचं म्हणणं भारतात डुप्लिकेट फार, डब्यावरचा स्क्रॅच कोडपण डुप्लिकेट, जिममधला ट्रेनरच विकतो आणि त्याला कमिशन मिळतं, त्यामुळे अमेरिकेचा डबा म्हणजे शंभर टक्के खात्री. दादाचं म्हणणं (दादाला कळलंच शेवटी, घरात कधी काही लपत नाही) की ही विदेशी पावडर म्हणजे नुसतं फॅड, आमच्या वेळी तालमीत दूध-बदामावर पैलवान तयार व्हायचे.

मला दोघंही चुकीचे वाटतात, पण पुतण्या जास्त. कारण मी इथे राहतो आणि मला इथला कायदा थोडाफार माहितीय. अमेरिकेत प्रोटीन पावडर सप्लिमेंट म्हणून विकली जाते, आणि १९९४ च्या कायद्याप्रमाणे सप्लिमेंट बाजारात आणण्याआधी एफडीएची, म्हणजे इथल्या अन्न-औषध खात्याची, मंजुरी लागतच नाही. कंपनीने स्वतःच ठरवायचं की माल सुरक्षित आहे, लेबल खरं आहे, काही गडबड निघाली तर एफडीए नंतर बघणार. म्हणजे पुतण्या ज्याला अमेरिकेची खात्री म्हणतो ती बऱ्याच वेळा कंपनीची स्वतःचीच स्वतःला दिलेली खात्री असते. भारतात निदान डब्यावर एफएसएसएआयचा (तिकडचं अन्नसुरक्षेचं सरकारी खातं) १४ आकडी लायसन्स नंबर टाकावा लागतो आणि तो साइटवर तपासता येतो. लायसन्स म्हणजे शुद्धता नव्हे हे मान्य, पण मग इथेही मी एनएसएफ सारख्या बाहेरच्या संस्थेने टेस्ट केलेलाच डबा घेतो. डब्यावर देश कुठला लिहिलाय यापेक्षा तपासलं कोणी हे बघायचं, आणि हे आमच्या ग्रुपवर कोणीच विचारत नाही, सगळे झेंडा बघून मोकळे.

आणि दादाच्या फॅडबद्दल, अरे व्हे म्हणजे काय शेवटी? दुधाचं चीज करताना जे पाणी सुटतं ते. आई चक्का टांगायची तेव्हा खाली पातेल्यात निथळायचं ते पाणी त्याचंच आंबट भावंड. आई त्यात कणीक भिजवायची. इथे ते गाळून सुकवून चॉकलेटचा वास लावून डब्यात भरतात आणि मी ते २३ किलोच्या हिशोबात बसवून पुण्याला नेतो. यात स्वदेशी-विदेशी कुठून सुरू करायचं मलाच कळत नाही.

ग्रुपवरचा दुसरा वाद जिमच्या जीएसटीचा. २२ सप्टेंबरपासून जिमवरचा टॅक्स १८ वरून ५ टक्के झाला म्हणून लोक खूष. पण त्याबरोबर जिमवाल्याचं इनपुट क्रेडिट गेलं, म्हणजे मशीन घेताना, भाडं देताना भरलेला टॅक्स त्याला वळता करून घेता येत नाही. वहिनीच्या जिमने फी तेवढीच ठेवली. मुळात तिचं दुखणं टॅक्स नव्हतंच, आधीच्या जिमने वर्षाची फी एकदम घेतली आणि चार महिन्यांनी शटर ओढलं, हे होतं. इथे महिन्याला कापतात म्हणून मी तिला ऐटीत सांगत होतो, पण खरं सांगायचं तर इथली तऱ्हा वेगळी, आत जाणं सोपं आणि बाहेर पडणं अवघड. माझ्या आधीच्या जिमला मेंबरशिप बंद करण्यासाठी रजिस्टर्ड पत्र हवं होतं. अॅपवर एका बोटाने जॉइन झालेलो मी पोस्टाच्या लायनीत उभा, आणि तोपर्यंत अजून दोन महिने कापले. एका क्लिकमध्ये रद्द करता यावं असा नियम सरकारने २०२४ मध्ये केला होता, तो लागू व्हायच्या आठवडाभर आधी कोर्टाने रद्द केला. तिकडे शटर पडतं, इकडे दार उघडत नाही.

डिसेंबरमध्ये एकच डबा नेला. दोन बसत नव्हते, आईच्या गुडघ्याचा पट्टा आणि वहिनीचे नॉनस्टिक पॅन होते बॅगेत. सोबत टेस्टचा रिपोर्ट प्रिंट करून नेला, तो पुतण्याने बघितलापण नाही, डब्याचा फोटो स्टेटसला टाकला. दादाने तीन दिवस डब्याकडे बघायचं टाळलं आणि चौथ्या दिवशी एका स्कूपमध्ये खरंच पंचवीस ग्रॅम प्रोटीन असतं का म्हणून विचारलं.

निघताना वहिनीने माळ्यावरून गेल्या खेपेचा रिकामा डबा काढला, धुऊन उन्हात वाळवलेला, आणि त्यात थालिपीठाची भाजणी दाबून भरली. अमेरिकेचा डबा रिकामा कसा पाठवायचा म्हणाली. न्यूअर्कला मी खाण्याचे पदार्थ आहेत म्हणून सांगितलं, ऑफिसरने बॅग उघडायला लावली, काळा डबा, वर दंड फुगवलेला माणूस, झाकण फिरवलं तर धण्याचा वास. त्याने विचारलं, प्रोटीन?

मी म्हटलं हो, हरभरा डाळ आणि उडीद आहे त्यात.