मामा अधिक सासुरवाडी

दसऱ्याला पूजा करायची म्हणून आदल्या दिवशी गाडी धुवायला नेली, तेव्हा धुणाऱ्या पोराने पुढच्या टायरच्या खाचेत अंगठा घातला, जरा वेळ तसाच ठेवला आणि नाडी सोडणाऱ्या वैद्याच्या गांभीर्याने सांगितले, "भिया, चारों गए।" खाचेच्या तळाशी रबराचा एक आडवा उंचवटा मुद्दाम ठेवलेला असतो आणि झीज त्याच्या पातळीला आली की खाचेची खोली अवघी १.६ मिलिमीटर उरलेली असते, हे ज्ञान मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्या पोराकडून मिळाले. दुसऱ्या दिवशी चाकांखाली लिंबे ठेवताना पाहिले, तर लिंबाची साल टायरपेक्षा खडबडीत होती.

सुज्ञ माणसाने अशा वेळी आधी होते तसेच टायर पुन्हा घालून विषय संपवला असता. परंतु आमची गाडी चारही चाकांना ताकद देणारी, म्हणजे फोर बाय फोर आहे. ती सोय मी सात वर्षांत दोनदा वापरली असून त्यांतली एक वेळ चुकून होती. तरीही अशा गाडीला साधे टायर घालणे म्हणजे पैलवानाला सपाता घालण्यासारखे आहे, असे माझ्या दोन नातेवाइकांचे मत पडले आणि ती दोन मते दोन विरुद्ध दिशांना निघाली.

पहिले मत मामांचे. मामांची शेती इंदूरजवळच्या सिमरोलच्या पुढे आहे आणि डांबरी सडक संपल्यावर तिथवर जाणारा दीड किलोमीटरचा रस्ता माळव्याच्या अस्सल काळ्या मातीचा आहे. उन्हाळ्यात या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच फुगून पुरणासारखी मऊ होते. गेल्या श्रावणात आम्ही तिथे अडकलो, तेव्हा मी खाली उतरून पाहिले. टायरच्या सगळ्या खाचा मातीने लिंपून गेल्या होत्या आणि चाक एखाद्या गुळगुळीत काळ्या लाडवासारखे जागच्या जागी फिरत होते. माझी एक चप्पल त्या रस्त्यातच राहिली. मामांच्या गड्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, काडीने चारही चाकांची हवा बरीचशी सोडून दिली आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश बाहेर काढली. हवा कमी झाली की टायर पसरतो, जमिनीवर त्याचा ठसा लांबतो आणि वजन वाटले जाते, हे त्याने मला समजावले नाही. त्याने फक्त माझ्याकडे पाहिले. तेव्हापासून मामांचा आग्रह एकच: "बाबा, ट्रॅक्टरसारखे गट्टे असलेले टायर घे."

दुसरे मत मेहुण्याचे. हा पुण्यात संगणकाच्या नोकरीत असतो आणि जानेवारीत सगळ्यांनी मनालीच्या पुढे, अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूला बर्फात गाडी घेऊन जायचे, असा त्याचा बेत होता. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या या ९.०२ किलोमीटरच्या बोगद्यामुळे रोहतांगची खिंड न चढता लाहौलमध्ये उतरता येते, हे त्याने मला इतक्या वेळा ऐकवले होते की बोगदा त्याच्याच देखरेखीखाली खणला गेला असावा, अशी शंका यावी. "भावजी, तिथे टायरवरच सगळं अवलंबून असतं," असे तो म्हणे. इंदूर ते मनाली सुमारे १३०० किलोमीटर उत्तम डांबर आहे आणि बर्फ असलाच तर शेवटच्या तीस-चाळीस किलोमीटरांत, या हिशेबाकडे दोघांनीही दुर्लक्ष केले.

टायरच्या कडेवर 'एम अधिक एस' अशी अक्षरे असतात, असे मी वाचले, तेव्हा मला प्रथम वाटले की कारखानदाराला आमच्या घरची परिस्थिती कळली आहे. एम म्हणजे मामा, एस म्हणजे सासुरवाडी. प्रत्यक्षात त्यांचा अर्थ चिखल आणि बर्फ असा निघाला, म्हणजे माझे काही फारसे चुकले नव्हते. मात्र ही अक्षरे नक्षीच्या ठेवणीवरून कारखानदार स्वतःच छापतो, त्यासाठी बर्फावर परीक्षा द्यावी लागत नाही. खरी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण असे चित्र असते. दाबलेल्या बर्फावर ठरावीक तुलनेच्या टायरपेक्षा किमान दहा टक्के अधिक पकड दाखवल्याशिवाय ते मिळत नाही. ती परीक्षाही गाडी पुढे नेण्याच्या ताकदीची असते. निव्वळ काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर थांबण्याची हमी त्या डोंगरात नाही. फोर बाय फोरचेही तसेच आहे. ती निघताना मदत करते. थांबताना मात्र प्रत्येक गाडीला चारच ब्रेक असतात.

यानंतर मी देवास नाक्याकडच्या एका दुकानात गेलो. मालकाने पोहे बाजूला ठेवून, जीरावण लागलेल्या बोटाने तीन टायर दाखवले. एक रस्त्याचा, एक सर्व भूभागांचा म्हणजे ऑल-टेरेन, आणि एक निव्वळ चिखलाचा. चिखलाचा टायर पाहताच मी त्याच्या प्रेमात पडलो. त्याचे गट्टे कंदी पेढ्याएवढे आणि मधली दरी अशी की मामांचे सगळे शेत तिच्यातून निघून जावे. मी मेहुण्याला फोटो पाठवला आणि तिथून वादाला तोंड फुटले, कारण चिखल आणि बर्फ टायरकडून नेमक्या उलट गोष्टी मागतात. चिखलात टायरने खाचेत शिरलेली माती फिरता फिरता बाहेर फेकायची असते, म्हणून दऱ्या रुंद आणि गट्टे मोजके हवेत. बर्फात मात्र खाचेने थोडा बर्फ धरून ठेवायचा असतो, कारण बर्फाला बर्फ जितका चिकटतो तितके रबर चिकटत नाही. शिवाय प्रत्येक गट्ट्यावर, भरल्या वांग्याला द्याव्यात तशा, बारीक चिरा हव्यात, म्हणजे त्यांच्या कडा बर्फात रुततात. चिखलाच्या टायरच्या त्या थोड्या, मोठ्या आणि बिनचिरांच्या गट्ट्यांवर गोठलेल्या रस्त्यात, किंवा आमच्या ओल्या डांबरावरसुद्धा, फारसा भरवसा ठेवता येत नाही. मामांना ठेवून घ्यावे तर मेहुणा घसरतो, अशी ती अवस्था होती.

मेहुण्याने मग थेट हिवाळी टायरच सुचवले. तापमान सात अंशांखाली गेले की साधे रबर फ्रिजमधल्या तुपासारखे कडक होऊ लागते आणि हिवाळी रबर मऊ राहते, हे त्याचे म्हणणे बरोबर होते. पण इंदूरचा पारा सात अंशांपर्यंत उतरलाच तर जानेवारीच्या एखाद्या पहाटे, आणि त्या वेळी मी गोधडीत असतो. उलट मे महिन्यात चाळिशी ओलांडलेल्या उन्हात ते मऊ रबर डांबरावर खोडरबरासारखे झिजून गेले असते. सौभाग्यवतींनी या टप्प्यावर एकच प्रश्न विचारला: "अहो, वर्षाचे उरलेले साडेतीनशे दिवस आपण टिळक नगरातून राजवाड्यालाच जातो ना?" मी तो प्रश्न चर्चेच्या पुढील फेरीसाठी राखून ठेवला.

पुढील फेरी आकाराची होती. आमचा मूळ आकार २३५/६५ आर १७, म्हणजे रुंदी २३५ मिलिमीटर, कडेची उंची तिच्या ६५ टक्के आणि आतले रिम १७ इंची. दुकानदाराने २४५/७० घालून पाहा म्हटले, "गाड़ी का लुक आ जाएगा।" लुक माझ्याही डोळ्यांपुढे आला, पण रात्री कागदावर गणित मांडले, तेव्हा त्या टायरचा व्यास पाच टक्क्यांनी मोठा निघाला. म्हणजे काटा ऐंशी दाखवील तेव्हा गाडी चौऱ्याऐंशीने धावत असेल आणि पोलिसाला लुक समजावून सांगावा लागेल. मूळ आकारच ठरला.

अखेरीस ज्यावर ते डोंगराचे चित्र आहे असा ऑल-टेरेन टायर घेण्याचे ठरले. दोन्ही पक्ष सारखेच नाराज झाले, तेव्हा निवड योग्य असावी असे मला वाटले. खरेदीला आई सोबत आली, कारण भाजी असो वा टायर, जुना माल तिच्या नजरेतून सुटत नाही. टायरच्या कडेवर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, एवढे मी तिला सांगण्याचा अवकाश, तिने चष्मा कपाळावर घेऊन, मोबाइलचा उजेड पाडून एकेक टायर वाचला आणि त्यांतला एक दीड वर्षाचा शिळा म्हणून परत पाठवला. दुकानदार म्हणाला की माताजींनी आमच्याकडे कामाला यावे. स्टेपनीसाठी पाचवाही घ्यावा लागला, कारण फोर बाय फोरमध्ये एक चाक वेगळ्या मापाचे झाले की आतल्या दातेऱ्यांवर ताण येतो; या पाचव्या टायरचा हिशेब अद्याप घरात पूर्णपणे मांडलेला नाही.

सिस्सूची सहल झाली. बर्फ होता, टायर चांगले चालले, आणि एका सावलीतल्या वळणावर गाडी हातभर शांतपणे बाजूला सरकली, तेव्हा मेहुण्याने स्वतःहूनच डिकीतल्या, बर्फात चाकांवर चढवायच्या चेन काढल्या. त्या लावता लावता आमची बोटे निळी पडली. शेजारून एक स्थानिक गृहस्थ आपल्या छोट्या जुन्या गाडीच्या चाकांना पाच मिनिटांत चेन चढवून निघूनही गेले.

पण हे टायर गात असतात, ही गोष्ट मला कोणीही सांगितली नव्हती. गट्टे एकामागून एक रस्त्यावर आपटतात आणि त्यांतून गुणगुण उठते; ती एका सुरात लागू नये म्हणून कारखानदार गट्ट्यांची लांबी मुद्दाम कमीजास्त ठेवतो. आमच्या टायरच्या बाबतीत त्याचा प्रयत्न आईच्या कानांपुढे टिकला नाही. आईने तीस वर्षे शाळेत गाणे शिकवले आहे. गेल्या महिन्यात देवासला एका मैफलीसाठी निघालो असताना बायपासवर तिने अचानक सगळ्यांना गप्प केले आणि खिडकीची काच खाली करून ऐकू लागली. मला वाटले, चाक सुटते आहे.

"पांढरी दोन," तिने टायरच्या सुराची पेटीवरची पट्टी सांगितली.

मी काट्याकडे पाहिले. ऐंशी. पुढे रस्ता मोकळा होता म्हणून मी थोडा वेग वाढवला, तशी मागून पाठीवर चापट आली. "अरे, मी षड्ज धरलाय. चढवू नकोस."

देवासपर्यंत आम्ही ऐंशीने गेलो. मागून येणारे ट्रक हॉर्न वाजवत होते, आणि तेही सुरात नाहीत, अशी तिची तक्रार होती.