मूसच्या सोंगाबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, मिरवणुकीतल्या 'टॉमी मूस'वर मी लिहिलं, त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. (टॉमी हे 'मूस' या अमेरिकी क्लबचं सोंग; त्या क्लबच्या शाखेला लॉज म्हणतात.) मोठ्या माणसांनी मूस हरणाचं सोंग घेऊन नाचणं पोरकट आहे. हा सगळा क्लबचा प्रचार आहे. आणि "१९६८ साली तुम्हाला तरी या मूस लॉजने आत घेतलं असतं का?"

शेवटचं आधी घेतो. नसतं घेतलं. सदस्य गोराच हवा, असा त्यांचा नियमच होता. त्याच वर्षी पेन्सिल्व्हेनियात, हॅरिसबर्गच्या लॉजमध्ये के. लिरॉय इर्विस हे कृष्णवर्णीय आमदार एका गोऱ्या सदस्याचे पाहुणे म्हणून गेले, तर त्यांना खायला-प्यायला दिलं नाही. ते कोर्टात गेले आणि १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात ६ विरुद्ध ३ मतांनी हरले. सरकारने दारूचा परवाना दिला एवढ्यावरून खासगी क्लबचा भेदभाव सरकारचा ठरत नाही म्हणे! मला काही हे पटत नाही. हेच इर्विस १९७७ साली राज्याच्या प्रतिनिधिगृहाचे अध्यक्ष झाले.

प्रचार? आहेच की. टॉमीचं मऊ खेळणं लॉजवाले पोलिसांना आणि अग्निशामक दलाला देतात. आगीतून, अपघातातून बाहेर काढलेल्या पोराच्या हातात ते जातं. शिकागोच्या पश्चिमेला मूसहार्ट या क्लबच्याच वसाहतीत १९१३ पासून गरजू मुलांना सांभाळतात, शिकवतात. असला प्रचार मला चालतो.

पोरकट मात्र म्हणू नका. शेजाऱ्याने तो पोशाख घातला तेव्हा त्याचं कोपर धरून मी चाललो होतो. आतून दिसतं ते तोंडाच्या जाळीतून, तेही समोरचंच. पायाशी आलेलं पोर दिसतच नाही. शिंगं फांद्यांना अडकतात. कितीही उकडलं तरी मुंडकं उतरवायचं ते व्हॅनच्या आड, पोरांसमोर नाही. तोंडातून शब्द काढायचा नाही. कोकणात शिमग्याला संकासुर पोरांच्या मागे धावतो, इथे उलटं: चार हात लांब गुडघा टेकून बसायचं, हात पुढे करायचा, मूल आलं तर आलं. आईबाप फोटोसाठी रडतं पोर पुढे ढकलतात, तेव्हा मागे सरायचं ते मूसनेच.

सदस्य हो, असं शेजारी दरवर्षी म्हणतो. आता गोरेपणाचा तो नियम नाही, तरी मी अर्ज भरलेला नाही. कारण तुम्ही विचारलंत तेच. कोपर धरायला मात्र पुढच्या वर्षीही जाणार आहे.