आत्या काय मागत होती?

गेल्या वर्षी आत्या गेली. स्वादुपिंडाचा कॅन्सर, कळला तेव्हा यकृतात पसरलेला. दादा, म्हणजे आतेभाऊ, तुळजापूरला नवस बोलून आला. काकांनी व्हॉट्सॲप ग्रुप काढून महामृत्युंजयाचा सव्वा लाख जप सगळ्यांत वाटून दिला. रात्री नऊला हिशेब. मीही आकडे टाकायचो, कधीकधी थोडे फुगवून. (देव बघून घेईल.)

एका रात्री सोबतीला मी होतो. आत्या माळ घेऊन हरिपाठ म्हणत होती. मध्येच थांबून म्हणाली, "बरं कर असं आता मी म्हणत नाही रे. आजची रात्र झोप लागू दे, एवढंच मागते. दादाला सांगू नकोस, त्याला वाटेल मी हरले."

म्हणजे तिचं मागणं कधीच बदललं होतं. आमचं मात्र तेच चालू होतं, आणि त्या जोरावर आम्ही तिला फरफटवत होतो. अजून एक केमो, अजून एक स्कॅन. हे फक्त आमच्याच घरात होतं असंही नाही. अमेरिकेत शेवटच्या टप्प्यातल्या ३४५ कॅन्सर रुग्णांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. श्रद्धेचा ज्यांना फार आधार होता, त्यांच्यापैकी शेवटच्या आठवड्यात व्हेंटिलेटर वगैरे लागलेल्यांचं प्रमाण इतरांच्या जवळजवळ तिप्पट निघालं. देव शेवटच्या क्षणीही चमत्कार करेल, मग आपण हात कसे टेकायचे? हा विचार मला परका नाही.

मॉर्फिनच्या गोळ्या आठवडाभर कपाटात पडून होत्या. दादाचं म्हणणं, गुंगीत आई नाम कसं घेणार? खरं तर दुखण्यामुळेच तिला नाम घेता येत नव्हतं. दुसऱ्या-तिसऱ्या अभंगाला कळ यायची आणि माळ हातातच राहायची. शेवटी डॉक्टरांनी दादाला समोर बसवून समजावलं. दर चार तासांनी गोळी सुरू झाली आणि तिसऱ्या दिवशी तिने अख्खा हरिपाठ म्हटला. सावकाश, पण अख्खा.

माझा राग प्रार्थनेवर नाही. हॉस्पिटलच्या फाईलमध्ये वजन, भूक, तंबाखू सगळं विचारून लिहिलेलं होतं. "आजी, तुम्ही देवाकडे काय मागता?" हे तिथे कुणी विचारलं नाही, आणि घरी आम्हीही नाही. वांद्र्याला शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांची काळजी घेणारं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, नन्स चालवतात, कुठल्याही धर्माचा रुग्ण घेतात. हे आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता.

जप एक लाख बारा हजारांवर थांबला. ग्रुप अजून आहे. बाहेर कुणी पडत नाही, लिहितही कुणी नाही.